जुना रीळवाला मॉवर: शेडपासून पहिल्या कापणीपर्यंतच्या नोंदी

९ नोव्हेंबर

क्लबची मागची शेड रिकामी करायची होती. "गवत कापायची दोन धुडं पडली आहेत, न्यायची तर न्या," असा निरोप आला. न्यायची म्हणजे काय, दोघांनी मिळून जेमतेम हलतील अशी ती निघाली.

दाराजवळचं यंत्र ॲलन सायद. दोन मोठाली चाकं आणि पुढे तीन फुटी दातेरी पट्टी. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत जॉन ॲलन अँड सन्स यांनी १९३५ ते १९७३ या काळात ही यंत्रं बनवली. कमरेएवढं रानगवत आडवं करायला उत्तम, पण हिरवळीचं काम त्याचं नव्हे. मला हवं होतं ते मागे ताडपत्रीखाली सापडलं: १७ इंची रिळाचा, म्हणजे पिळदार पात्यांच्या फिरत्या दंडगोलाचा, पेट्रोल मॉवर. बाजूच्या बिडावर (ओतीव लोखंडावर) एटकोचं नाव, इंजिनावर विलियर्सचं.

असं यंत्र दिसलं की लोक आधी दोरी ओढून इंजिन फिरतंय का ते बघतात. मी इंजिन शेवटी बघतो. विलियर्सने १९५६ पर्यंत वीस लाखावं इंजिन बनवलं होतं. त्यामुळे भाग, पुस्तिका, जाणकार, सगळं अजून मिळतं. मिळत नाही ते बाजूचं बीड. ते तडकलेलं असेल तर यंत्र सुट्या भागांसाठी घ्यायचं, चालवण्यासाठी नाही. म्हणून दोन्ही बाजूंना छोट्या हातोडीने टिचक्या मारत गेलो. अखंड बीड खणखणतं, तडा असेल तिथे आवाज बसका येतो. डावी बाजू स्वच्छ वाजली. उजवीकडे हँडलच्या बोल्टपाशी आवाज बसला; खरवडून बघितलं तर तडा नव्हता, बोल्ट सैल होता.

मग रीळ. पात्यांची उंची बोटाने चाचपली, अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे. रीळ धरून वर-खाली हलवलं तर उजवीकडे खडखड, म्हणजे बेअरिंग गेलं. मागचा रोलर दोन तुकड्यांचा असतो, वळताना दोन्ही अर्धे वेगवेगळ्या वेगाने फिरावेत म्हणून. इथे दोन्ही एकजीव होऊन बसलेत. गवताची पेटी आहे हे नशीब. बहुतेक यंत्रांची पेटी कुणीतरी कधीच दुसऱ्या कामाला नेलेली असते.

मैदान सांभाळणारे आजोबा बाजूला उभे होते.

"आजोबा, शेवटचं कधी चाललं हे?"

"बंद कशाला पडतंय? मीच बंद केलं. कापायचं सोडून उपटायला लागलं होतं."

हे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहिलं. इंजिन चालू असताना यंत्र बाजूला ठेवलं गेलं, म्हणजे बिघाड कापण्यात आहे. कामाचा क्रम तिथेच ठरला: आधी रीळ आणि खालचं पातं, मग रोलर-साखळी, इंजिन त्यानंतर. रंग जमला तर.

१५ नोव्हेंबर

खोलायला सुरुवात. त्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, साखळ्यांचे खास. कुठली साखळी कुठल्या बाजूने वळते हे नंतर आठवत नाही.

त्या काळच्या ब्रिटिश यंत्राला मिलिमीटरचे पाने लावायचे नाहीत. नट व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत, काही बारीक आटे सायकलचे, इंचाला २६. मिमीचा पाना जवळपास बसतो आणि मग नटाचे कोपरे गोल करतो. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट आणि पाव इंची अमेरिकन बोल्ट, दोघांचेही इंचाला २० आटे. एकात दुसरा फिरतोही. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. बसल्यासारखा वाटतो आणि जोर आला की आटे खातो. या यंत्रात कुणीतरी तसे बरेच घुसवलेत. जुने नीट निघालेले बोल्ट डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी.

भिजवणीसाठी अर्धं ॲसिटोन, अर्धं गिअरबॉक्सचं एटीएफ तेल. लावायचं, टिचकवायचं, दुसऱ्या दिवशी परत. ऐकत नसेल तर आच द्यायची, नटाला, बोल्टाला नाही. पेट्रोलची टाकी मात्र आधी बाहेर, लांब.

२२ नोव्हेंबर

रीळ सुटलं. दोन्ही टोकांचा व्यास मोजला: डावीकडे १२४.६ मिमी, उजवीकडे १२३.२. म्हणजे रीळ शंकूसारखं झिजलंय. उजवं बेअरिंग ढिलं, त्या बाजूला आदळआपट, मग चालवणाऱ्याने ती बाजू जास्त आवळली, मग ती आणखी झिजली. उपटण्याचं कारण हातात आलं.

हे यंत्र कापतं ते कात्रीसारखं: एक पातं फिरतं, एक स्थिर, आणि गवत दोघांच्या कडांमध्ये सापडतं. रिळाची पाती पिळदार असतात, म्हणून कापण्याचा बिंदू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. एडविन बडिंगने १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ हे पहिल्यांदा केलं. लोकरी कापडावरचं लव छाटणारं गिरणीतलं यंत्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्याचं पहिलं यंत्र १९ इंची होतं, मागून ढकलायचं. ती रचना आजतागायत तीच आहे. इंजिन आलं, साखळी आली, कापणं तेच राहिलं. म्हणून ही जुळणी नसेल तर वर कितीही ताकदीचं इंजिन बसवा, गवत चावलेलंच निघणार.

खालच्या पात्याचे स्क्रू गंजून पात्याशी एक झालेले. इम्पॅक्ट ड्रायव्हरने काही सुटले. उरलेल्यांची डोकी ड्रिलने उडवली, पातं निघाल्यावर खुंट बाहेर राहिले ते पकडीने फिरवून काढले. पात्याची कड गोल झालेली आणि मध्ये एका जागी खाच, खडा सापडला असणार. नवीन पातं लागेल.

३० नोव्हेंबर

रीळ घासायला दिलं. लेथवाल्या मित्राचं म्हणणं होतं की घोटून घेऊ, कशाला एवढा खर्च. घोटणं म्हणजे रीळ उलटं फिरवायचं आणि पात्यांवर कार्बोरंडमची (घासणाऱ्या बारीक खरीची) पेस्ट सोडायची. कडा एकमेकांवर घासून धार येते. उपाय चांगला आहे, पण शेवटचा हात म्हणून. शंकू झालेलं रीळ घोटून सरळ होत नाही. पातं आणि रीळ फक्त एकमेकांच्या वाकडेपणाला जुळतात. आधी दंडगोल घासून दोन्ही टोकं एका मापावर आणायची, मग प्रत्येक पात्याच्या मागच्या अंगाने थोडा उतार काढायचा. या उतारामुळे टेकणारी कड अरुंद राहते, घर्षण कमी होतं आणि इंजिनावरचा भार घटतो. पटलं त्याला.

नवीन खालचं पातं आलं, पण ते आधी आपल्या पट्टीवर बसवायचं, स्क्रू आवळायचे आणि मग घासायचं. पट्टी बिडाची, वर्षानुवर्षं वापरलेली, किंचित वाकलेली असतेच. पातं आवळलं की तो बाक घेतं. सुटं असताना कितीही सरळ घासलेलं असलं तरी आवळल्यावर सरळ राहत नाही.

७ डिसेंबर

मागचा रोलर. दोन अर्ध्यांच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी जोडात, ग्रीसचा दगड झालेला. रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, लाकडी काडीने कोरून काढलं. आतले दाते शाबूत आहेत. जुनं ग्रीस निघत नाही तोवर दात्यांबद्दल काही बोलता येत नाही, पण बहुतेक वेळा याच ग्रीसने त्यांना वाचवलेलं असतं.

पुढचे छोटे रोलर लाकडी. मधले दोन किडलेत, शिसमाचे नवीन खरादून घेतले. ते यंत्राला मूळचे नाहीत हे यंत्राच्या कागदात लिहून ठेवीन. पुढच्या माणसाला कळायला हवं.

साखळी मोजली. अर्धा इंच पिच, म्हणजे २४ कड्या ताणून धरल्या की बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १२ आणि १/८ भरल्या तर एक टक्का लांबली, बदलायची. माझी त्याहून जास्त. थॉमस ग्रीनने लीड्समध्ये १८५९ साली गिअरच्या जागी साखळी घातलेलं यंत्र काढलं ते आवाज कमी व्हावा म्हणून. आणि एटको काढणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चार्ल्स एच. प्यू कंपनीचा तर साखळ्यांचाही धंदा होता, १९२१ मध्ये ती मॉवरच्या धंद्यात उतरली. त्यामुळे या यंत्रावर लांबलेली साखळी ठेवणं मला जरा लाजिरवाणंच वाटलं. दातेरी चक्रं तपासली. दाते आकडीसारखे वाकलेले नाहीत, चालतील.

१४ डिसेंबर

क्लच. इथे मास्क, ओलं फडकं आणि बंद पिशवी. त्या काळच्या अस्तरात ॲसबेस्टॉस असतं असंच धरून चालायचं. हवेच्या नळीने फुंकायचं नाही, कोरडं घासायचं नाही. पाण्याचा फवारा, पुसणं, फडकं पिशवीत. अस्तर नवीन लावलं.

रंगाबाबतही तेच. जुन्या हिरव्या रंगात शिसं असणार, म्हणून कोरडा पॉलिश पेपर बंद.

२८ डिसेंबर

टाकी. आत लाल गंजाची पूड, तळाशी वार्निशसारखा थर. टाकीचे सांधे मऊ कथलाचे, त्यामुळे तीव्र ॲसिड नको. विजेने गंज काढला: पाण्यात धुण्याचा सोडा, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा, १२ व्होल्टचा चार्जर, टाकीला ऋण तार, आत सोडलेल्या भंगार लोखंडी सळईला धन. सळई टाकीला टेकता कामा नये. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील घालायचा मोह होतो कारण ते झिजत नाही. घालू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तेव्हा काम उघड्यावर आणि चार्जर बंद करूनच तारा काढायच्या. स्प्रिंगा या पाण्यात टाकल्या नाहीत. कडक पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं.

संध्याकाळपर्यंत आतला गंज काळा, भुसभुशीत झाला. मूठभर खडी घालून हलवली, धुतली, वाळवली, लगेच तेलाचा हात.

४ जानेवारी

आता इंजिन. नंबराआधीच्या अक्षरांवरून प्रकार कळतो, त्यावरून पुस्तिका काढली.

पिस्टन अडकलेला. प्लगच्या भोकातून ग्रीसगनने ग्रीस दाबून पिस्टन ढकलण्याची युक्ती फोर-स्ट्रोकला छान लागते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनने पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायू येण्या-जाण्याची भोकं) झाकलेले असतील तरच. इथे तो खाली होता, पोर्ट उघडे, ग्रीस सरळ सायलेन्सरमध्ये गेलं असतं. म्हणून वरून भिजवणीचं तेल, आणि सिलिंडरचे नट काढून सिलिंडरच हळूहळू डाव्या-उजव्या हेलकाव्यांनी वर काढला. रिंगा खाचेत चिकटलेल्या, सिलिंडरवर गंजाचा एक पट्टा. तो पट्टा होनिंगने (सिलिंडर आतून बारीक घासून) गेला, माप पुस्तिकेतल्या मर्यादेच्या आत आहे. नवीन रिंगा.

पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा आहे, एका बाजूने खडा, दुसऱ्या बाजूने उतरता. खडी बाजू ताजा वायू येतो त्या पोर्टकडे, उतरती एक्झॉस्टकडे. उलटा बसवला तर इंजिन चालू झालं तरी ताजा वायू सरळ धुराड्यात जातो.

क्रँकचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) हाताने तपासले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसही पंपाचं काम करते, म्हणून झिजलेला बुश म्हणजे नुसता आवाज नाही. हवा गळते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन सुरूच होत नाही. माझे घट्ट निघाले. इथे खूप काम वाचलं.

११ जानेवारी

मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारा भाग. विलियर्सचं फ्लायव्हील काढायला पुलर लागत नाही. मधला नट फिरवला की आधी सैल होतो, मग परत घट्ट लागतो. इथे थांबायचं नाही. तोच नट आता फ्लायव्हीलला टेपरवरून (दांड्याच्या निमुळत्या टोकावरून) ओढून काढत असतो. माझ्या इंजिनात फ्लायव्हील जागेवर धरणारी चावी नाही, नुसता टेपर आहे, म्हणून आधी फ्लायव्हील आणि मागची पाटी दोन्हींवर एकाच रेषेत बारीक खूण.

बाहेर आल्याबरोबर चुंबकांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी लावली. जुन्या पोलादी चुंबकांना उघडं ठेवलं तर जोर कमी होतो.

पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे टोक) घासले, फट १५ थाउ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, ०.३८ मिमी. जुना कंडेन्सर बाद. हे कागदी कंडेन्सर मीटरवर बरे दिसतात आणि गरम झाले की गळतात. लक्षण असं: पॉइंटवर मोठी निळी ठिणगी आणि प्लगवर पिवळट, मरतुकडी. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा नवीन लावला. आता हाताने फ्लायव्हील फिरवलं तरी प्लगवर फटाक्कन निळी ठिणगी.

२५ जानेवारी

कार्ब्युरेटर धुतला, फ्लोटची सुई बदलली, पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घातली. जुनी रबरी नळी आजच्या पेट्रोलमध्ये फुगते आणि आतून सुटते.

मिश्रण १६ ला १, म्हणजे लिटरमागे साधारण ६२ मिली ऑइल. लोक म्हणतात आजची ऑइलं चांगली, ५० ला १ पुरे. रिंगांना पुरेल कदाचित. पण पितळी बुशांना तेवढंच ऑइल मिळतं आणि ती पुस्तिका या बुशांसाठी लिहिलेली आहे. धूर होतो, होऊ दे.

साखळी न जोडता सुरू केलं. थोडं खोकलं, सायलेन्सरमधून जुनी काजळी फेकली, मग चार ठोके सरळ पडायला लागले. जास्त वेळ चालवलं नाही.

८ फेब्रुवारी

रीळ आणि पातं घासून आलं. बसवणं हे आजचं खरं काम. प्लगची वायर काढून बाजूला बांधली. रीळ फिरवायला हात नाही, लाकडाची पट्टी.

दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी रीळ पात्याच्या जवळ आणायचं, एका वेळी जरासं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. रीळ हाताने ढकललं की एक-दोन फेरे मोकळं फिरावं, पुसटसा सरसर आवाज यावा. मग वर्तमानपत्राची पट्टी कडेत धरायची आणि रीळ फिरवायचं. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, प्रत्येक पात्यावर. नीट कापलं पाहिजे; दुमडून आत गेलं तर तिथे फट आहे. उजवीकडच्या एका पात्यावर दुमडत होतं, तेव्हा तिथे मित्राची पेस्ट कामी आली. पातळ लावून रीळ उलटं फिरवलं, धुतलं, परत कागद. आता सगळीकडे कापतो. आणखी आवळायचा हात शिवशिवतो, पण घट्ट आवळलं की पाती तापतात आणि पुन्हा शंकू सुरू.

रंगाचं ठरलं: नवा रंग नाही. बाजूच्या सोनेरी रेघा आणि अक्षरं निम्मी शिल्लक आहेत, थिनर लावला तर तीही जातील. साबणाच्या पाण्याने पुसलं, वर तेलाचा पातळ हात. उघड्या लोखंडालाच तेवढा प्रायमर. चकचकीत करून ठेवलेली यंत्रं मला आवडत नाहीत, ती कुणी चालवत नाही.

२२ फेब्रुवारी

पहिली कापणी. उंची लावायला पुढच्या आणि मागच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवायची, पट्टी ते खालच्या पात्याची कड हे अंतर म्हणजे कापणीची उंची. १५ मिमी ठेवली.

चालवणाऱ्यासाठी एक सूचना हँडलला बांधली आहे. आजच्या मॉवरला हँडल सोडलं की इंजिन बंद होतं. याला तसं काही नाही, हात सोडला तरी क्लच लागलेला असेल तर ते चालत राहतं. वळताना आधी क्लच.

गवताची पाती बघितली, टोकं स्वच्छ कापलेली, कुठे तंतू लोंबत नाहीत. उपटणं गेलं. पण हिरवळीवर आडव्या लाटा उमटल्या. इंजिन दोषी नाही, रीळही नाही. यंत्र बंद करून मीटरभर ढकललं आणि रिळाचे फेरे मोजले: आठ. पाच पाती गुणिले आठ म्हणजे मीटरला ४० काप, दर २५ मिमीला एक. उंची १५ आणि दोन कापांमधलं अंतर २५, तर लाटा दिसणारच. या दोन आकड्यांत फारशी तफावत नको. मैदानांवर आठ-दहा पात्यांची रिळं लावतात ती यासाठीच, त्यांना गवत फार आखूड ठेवायचं असतं.

उंची २५ वर नेली. पुढच्या पट्ट्यात लाटा दिसल्या नाहीत.

थंड झाल्यावर साखळीचा ताण आणि खालच्या पात्याचे स्क्रू पुन्हा तपासले. उजवीकडचा एक पाव फेरा सैल झाला होता, आवळला; परत कागद लावला, कापला. पेटीत गवत व्यवस्थित उडतंय, फक्त डाव्या कोपऱ्यात साचतं. पेटीचा पत्रा तिथे आत दबलाय, तो ठोकून काढायचा आहे.